ज्युरीच्या बाकावर बसलेला प्रेक्षक : ‘कुलीन कांता’ आणि नंतरचे काही चित्रपट

(शिक्रापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकानं विचारलं, ‘‘सर, या व्याख्यानाला घरच्यांना घेऊन यायचं का?’’ दुसऱ्यानं विचारलं, ‘‘स्लाइड दाखवणार आहात का?’’ (हशा) दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याला म्हटलं, जरूर आणा. दुसऱ्याला म्हटलं, स्लाइड नाहीत. दुसरे गृहस्थ आज आलेले दिसत नाहीत.

२००४ सालच्या एप्रिलमध्ये ‘मर्डर’ नावाचा हिंदी चित्रपट आला. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना नीट आठवत असेल, आठवत नाही असं दाखवणाऱ्यांना तर जास्तच. मल्लिका शेरावत, इम्रान हाश्मी, बँकॉकमधलं एक श्रीमंत घर, एकटी पडलेली बायको, जुना प्रियकर, आणि मग खून. त्याच्या आदल्या वर्षी ‘जिस्म’ येऊन गेला होता. दोन्हींची बीजं बाहेरची. ‘मर्डर’च्या मागं ‘अनफेथफुल’, ‘जिस्म’च्या मागं हॉलिवूडचे जुने खूनपट. पोस्टर एसटी थांब्याच्या भिंतीवर लागायचं आणि खाली ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का असायचा. तो शिक्का म्हणजे इशारा की आमंत्रण, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. थिएटरात पहिला अर्धा भाग शिट्ट्या, आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच माणसं एकदम गंभीर होऊन म्हणायची, ‘‘बाईचंच चुकलं राव.’’ आधी डोळे भरून बघायचं आणि मग निकाल द्यायचा. हे जे दोन टप्पे आहेत ना, आधी शिट्टी आणि मग निकाल, त्यांचा इतिहास मला आज सांगायचाय. कारण तो २००४ चा नाही. तो जवळजवळ शंभर वर्षांचा आहे, आणि मुंबईत सुरू होतो.

शृंगार आणि गुन्हा एकत्र आला की त्याला इंग्रजीच्या वाटेनं ‘इरॉटिक क्राइम थ्रिलर’ म्हणतात. नाव नवं, माल जुना. आपल्या तमाशाच्या वगात तो होताच. राजा आहे, नाची आहे, पाठीत सुरा आहे, आणि शेवटी न्याय आहे. आपल्याकडं जत्रेला तमाशा बघणाऱ्या माणसाला हे काही नवं नाही. नवं काय आलं? खरा खून आला. छापील वर्तमानपत्रात रोज वाचलेला, कोर्टात चाललेला, आणि त्याच वर्षी पडद्यावर आलेला.

तर १२ जानेवारी १९२५. सोमवार. मुंबईत मलबार हिल. संध्याकाळ. अब्दुल कादर बावला नावाचा तरुण मेमन व्यापारी, अतिशय श्रीमंत, आपल्या मोटारीतून हवा खायला निघालाय. बरोबर मुमताज बेगम. त्यांचा मॅनेजर मॅथ्यू, ड्रायव्हर, क्लीनर. मागून एक लाल रंगाची मोटार येऊन धडकते. त्यातून माणसं उतरतात. मुमताजला ओढून बाहेर काढायला लागतात. बावला आडवा येतो. त्याला गोळ्या घालतात. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्यानं वार करतात.

इथं एक विलक्षण योगायोग आहे, आणि एखाद्या पटकथालेखकानं तो लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच दाखवतात. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकून तिथं येतात. त्यांच्यातला लेफ्टनंट सेगर्ट हातात गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांवर तुटून पडतो. त्यालाही गोळी लागते, पण मुमताज वाचते आणि हल्लेखोर हाती लागतात. हे अधिकारी रस्ता चुकले नसते, तर मुमताज गायब झाली असती आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. बावलाचा त्या हल्ल्यात मृत्यू झाला.

आता मुमताज कोण? इंदूरच्या दरबारातली नाचणारी. महाराजा तुकोजीराव होळकर, तिसरे, यांच्याकडं ती लहान वयात गेली आणि अनेक वर्षं राहिली. होळकर म्हटलं की आपल्याला ते परके नाहीत. इथून चाकणच्या अंगानं गेलं की खेड तालुक्यात वाफगाव, यशवंतराव होळकरांचं जन्मगाव. किल्ला अजून उभा आहे. तेव्हा हे काही लांबच्या राजाचं प्रकरण नव्हतं. मराठी माणसाला इंदूर म्हणजे आपलंच सासर-माहेर. आरोपींची नावं ऐका : फणसे, पोंडे, दिघे. आनंदराव गंगाराम फणसे हे तर होळकरांच्या सैन्यातले मोठे अधिकारी.

मुमताजनं कोर्टात साक्ष दिली. तिथं राहायची तिची इच्छा नव्हती, तिच्यावर पाळत होती. तिला मुलगी झाली होती आणि ती मारली गेली, असं तिनं सांगितलं. मसुरीला नेत असताना ती दिल्लीला गाडीतून उतरली आणि पुढं जायला नकार दिला. पुढं अमृतसर, आणि मग मुंबईत बावला. तिला सोडून दे, असं बावलाला सांगून झालं होतं. त्यानं ऐकलं नाही.

थांबा इथं क्षणभर. ही बाई विशीतली आहे. चेहऱ्यावर ताज्या जखमा आहेत. समोर मुंबई हायकोर्ट आहे, बाहेर आणि आत गर्दी आहे. तिला बघायला आलेली गर्दी. ‘ती’ कशी दिसते ते बघायला. राजाला जिच्यासाठी खून करवावासा वाटला, ती बाई आहे तरी कशी. म्हणजे सिनेमा निघायच्या आधीच सिनेमाचा प्रेक्षक तयार होता. तिकीट तेवढं लावायचं बाकी होतं. फक्त ती नुसती बघितली जात नव्हती, ती बोलत होती. शपथेवर, नोंद होईल असं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

खटला न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर, ज्युरीसह चालला. नऊ आरोपी. फणश्यांच्या बाजूनं उभे होते बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि त्यांनी फणश्यांची फाशी टाळली. कलकत्त्याहून जतींद्रमोहन सेनगुप्ता आले होते. मे महिन्यात निकाल लागला. तिघांना फाशीची शिक्षा, चौघांना जन्मठेप काळं पाणी, दोघे सुटले. आणि न्यायमूर्तींनी सूचित केलं की हल्ल्यामागं आणखी कुणी आहे आणि त्याचा उगम इंदुरात शोधावा लागेल. नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. अख्ख्या मुंबईनं ते मनातल्या मनात घेतलं होतं.

आता प्रश्न आला वर्तमानपत्रांचा. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या मजकुराला आळा घालणारा कायदा १९२२ साली झाला होता. मुंबईतल्या संपादकानं संस्थानिकाबद्दल जरा जास्त लिहिलं की ही तलवार डोक्यावर. पण कायद्यात शब्द होते ते पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि इतर दस्तऐवज यांचे. सिनेमाचा उल्लेख नव्हता. करायचं कुणाच्या डोक्यात आलं नसणार. सिनेमा म्हणजे तेव्हा देवादिकांच्या गोष्टी आणि मारामाऱ्या.

पण मुंबईत एक कंपनी होती जिला हे सगळं चांगलं कळत होतं. कोहिनूर फिल्म कंपनी. मालक द्वारकादास संपत. १९२१ साली त्यांनी ‘भक्त विदुर’ काढला होता. विदुराला गांधीटोपी आणि खादी, आणि काही प्रांतांत बंदी. म्हणजे पुराणाच्या आड राजकारण ठेवायची सवय. आणि १९२४ साली याच कंपनीनं ‘काळा नाग’ काढला. दिग्दर्शक कांजीभाई राठोड. हा मुंबईतल्या चांपसी हरिदास खून प्रकरणावर आधारलेला. भारतीय गुन्हेपटाची सुरुवात सांगताना त्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा मुंबईतला ताजा खून पडद्यावर आणायचा, ही कोहिनूरची वाट मळलेली होती. १९२५ मध्ये बावला प्रकरण घडलं आणि त्याच वर्षी कोहिनूरचा चित्रपट आला : ‘कुलीन कांता’. कथा मोहनलाल दवे, दिग्दर्शन होमी मास्टर. महाराजाच्या भूमिकेत त्या काळातला नट खलील.

नाव बघा. ‘कुलीन कांता’. एका दरबारी नाचीच्या गोष्टीला हे नाव! आपल्याकडं ‘कुलीन’ हा शब्द कसा वापरतात ते तुम्हाला मी सांगायला नको. लग्नाच्या बैठकीत वापरतात. तो शब्द त्यांनी मुमताजसारख्या बाईला लावला, म्हणजे चित्रपट सुरू होण्याआधी पोस्टरवरच निकाल दिला. कुलीन कोण आणि हीन कोण, हे जन्मावर आणि सिंहासनावर ठरत नाही, असा तो निकाल. मला हे नाव फार धीट वाटतं. आणि धंद्याच्या दृष्टीनं फार हुशारही. शृंगार बघायला येणाऱ्याला ‘कांता’ पुरेशी होती, आणि बघून झाल्यावर आपण काहीतरी न्यायाचं काम केलं असं समाधान घरी नेण्यासाठी ‘कुलीन’ पुरेशी होती.

या ठिकाणी एक गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडते. १९१८ च्या कायद्यानं सिनेमावर सेन्सॉर आलं आणि १९२० मध्ये मुंबईचं सेन्सॉर मंडळ बसलं. त्या मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष कोण? मुंबईचा पोलीस कमिशनर. आणि १९२५ साली पोलीस कमिशनर कोण? पॅट्रिक केली. म्हणजे ज्याच्या खात्यानं बावलाच्या खुनाचा तपास केला, तोच, खुनावरचा सिनेमा लोकांनी बघावा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षस्थानी! (हशा) आता सरकारचं हित कुठं होतं बघा. इंदूरच्या महाराजांवर कारवाई करायची की नाही, यावर सरकारचा विचार चालू होता. महाराजांची नाचक्की करणारा सिनेमा मुंबईत चालला, तर सरकारला त्याचं फार दुःख होण्याचं कारण नव्हतं. मी असं म्हणत नाही की सरकारनं सिनेमा काढवला. एवढंच म्हणतो की ज्यांनी अडवायचं, त्यांना अडवण्यात रस नव्हता. सेन्सॉर फक्त उघड्या खांद्यांकडं बघतं, असा आपला समज आहे. ते खांद्यांपेक्षा खुर्च्यांकडं जास्त बघतं.

२६ फेब्रुवारी १९२६ ला तुकोजीरावांनी गादी सोडली. चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा बाजूला व्हा, असे दोनच रस्ते त्यांच्यापुढं होते. त्यांचे वडील शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये गादी सोडली होती, तेव्हा घराण्याला हे अगदीच अनोळखी नव्हतं. आणि एवढं होऊन १९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. तिला हिंदू करून घेण्यावरून महाराष्ट्रात पुन्हा वर्तमानपत्रांची चंगळ झाली. तो एक वेगळा सिनेमा आहे, आज नको.

प्रेक्षकाकडं येऊ. मूकपट होता हे विसरू नका. मूकपटाचं थिएटर मूक नसायचं. पडद्यावर मजकुराच्या पाट्या यायच्या, त्या ज्याला वाचता येतात तो मोठ्यानं वाचायचा, शेजारचा त्यात भर घालायचा. खाली वाजंत्री. तंबूतल्या सिनेमाला पुढं कितीतरी वर्षं हीच तऱ्हा राहिली. जत्रेत तंबू पडायचा, बायकांची बसायची जागा दोरी किंवा पडदा बांधून वेगळी, आणि त्या दोरीच्या दोन्ही बाजूंनी पडद्यावरच्या माणसांना सल्ले. ‘‘अगं मागं बघ!’’ ही खास आपली समीक्षा. तर १९२५ च्या मुंबईत अशा थिएटरात बसलेल्या गिरणीतल्या माणसाचा विचार करा. पडद्यावरचा राजा बघून त्याला खरं नाव माहीत आहे. पाटीवर ते नाही. पण तो ते म्हणू शकतो. वर्तमानपत्राला जे छापता आलं नाही, न्यायमूर्तींनी जे उच्चारलं नाही, ते अंधारात मागच्या बाकावरून ओरडून सांगता येत होतं. असं ओरडणारा माणूस नुसता प्रेक्षक राहत नाही. तो ज्युरीच्या बाकावर जाऊन बसतो.

मग लोक बिघडतात का? हा प्रश्न तेव्हाही होताच. १९२७ मध्ये सरकारनं सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली, अध्यक्ष मद्रासचे दिवाण बहादूर टी. रंगाचारियार. ३५३ साक्षीदार तपासले. त्यांत दादासाहेब फाळकेही होते. चिंता बरीचशी पाश्चात्त्य चित्रपटांतल्या चुंबनांची आणि गोऱ्या बायकांची प्रतिष्ठा नेटिवांच्या नजरेत घसरते याची. समितीचं मत असं पडलं की चालू सेन्सॉरशिप एकंदरीत ठीक आहे. एवढ्या साक्षी झाल्या, पण राजाच्या वासनेबद्दल सामान्य माणसानं काय बघावं, या प्रश्नाचा फारसा कुणाला विचार पडलेला नव्हता.

आता मी चौतीस वर्षं पुढं उडी मारतो, कारण तोच ज्युरीचा बाक पुन्हा दिसतो, आणि या वेळी तो खरा ज्युरीचा बाक आहे.

२७ एप्रिल १९५९. कमांडर कावस नाणावटी, नौदलातला देखणा अधिकारी. पत्नी सिल्व्हिया. प्रेम आहुजा तिचा प्रियकर. नाणावटीनं जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाच्या घरी गेला, तीन गोळ्या, आणि स्वतः जाऊन पोलिसांत हजर झाला. ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा निर्णय दिला : दोषी नाही. सेशन्स जज मेहता यांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं. हायकोर्टानं जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. भारतातला हा शेवटचा ज्युरी खटला असं सर्रास म्हणतात. ते तंतोतंत खरं नाही, ज्युरी त्यानंतरही काही ठिकाणी काही वर्षं होती. पण या खटल्यानं ज्युरीवरचा विश्वास उडाला, एवढं खरं.

रुसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे नाणावटीच्या बाजूनं होतं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नाणावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते. टॉवेल का? तर गोळ्या लागल्या तेव्हा आहुजा नुकताच अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आलेला होता, आणि झटापट झाली असती तर टॉवेल अंगावर राहिला असता का, यावर कोर्टात वाद झाला. आता बघा, कायद्याच्या दृष्टीनं तो टॉवेल म्हणजे पुरावा. आणि फूटपाथवर तोच टॉवेल म्हणजे शृंगार! एकाच वस्तूचे हे दोन उपयोग. या चित्रपटप्रकाराचं सगळं शास्त्र त्या एका टॉवेलात आहे असं मला वाटतं.

या खटल्यावर १९६३ मध्ये चित्रपट आला, ‘ये रास्ते हैं प्यार के’. सुनील दत्त, लीला नायडू, रेहमान. सुरुवातीलाच पाटी, सगळं काल्पनिक आहे. गाणी गाजली, चित्रपट पडला. का पडला? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. लोकांनी हा चित्रपट चार वर्षं ‘ब्लिट्झ’मध्ये पाहून संपवला होता. त्यांनी निकाल दिला होता, नायकाला माफीही मिळायच्या बेतात होती. ज्युरीला दुसऱ्यांदा बोलावलं तर ती कशाला येईल?

१९७३ मध्ये गुलजारांनी ‘अचानक’ काढला. विनोद खन्ना. एकही गाणं नाही. त्यात लष्करी अधिकारी प्रियकराला मारतो आणि बायकोलाही मारतो. प्रत्यक्षातली बाई जिवंत होती, मुलांसह होती, नवऱ्याबरोबर पुढं परदेशी गेली. पडद्यावर मात्र तिला मरावं लागलं. आणि २०१६ मध्ये अक्षय कुमारचा ‘रुस्तम’. तो धडाक्यात चालला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात बायकोच्या संबंधांच्या जोडीला संरक्षण खात्यातला भ्रष्टाचार घातला. म्हणजे नवऱ्यानं खून केला तो नुसत्या बायकोसाठी नाही, देशासाठी! (हशा) निकाल देणाऱ्याची एवढी सोय आजवर कुणी केली नव्हती.

मराठीतही हे प्रकरण आलं, पण रंगभूमीवर. मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’. शीर्षकाकडं बघा, परत शीर्षकच. ‘कुलीन कांता’मध्ये बाईच्या बाजूनं निकाल होता. इथं नवरा उभा राहून म्हणतो, अपराध मीच केला, आणि ते म्हणताक्षणी प्रेक्षक त्याला मनातून सोडून देतो. मराठी मध्यमवर्गाला कबुली फार आवडते. कबूल करणारा माणूस आपल्याला निम्मा निर्दोष वाटतो.

एक गोष्ट लक्षात आली का? मुमताज कोर्टात बोलली म्हणून इंदूरची गादी हलली. सिल्व्हियाही कोर्टात बोलली, पण लोकांनी ऐकलं ते नवऱ्याचं. चित्रपट आणि नाटकं आली तीही नवऱ्याची. पस्तीस वर्षांत आपण पुढं गेलो की मागं, हे मला कळत नाही.

आणि आता मराठी चित्रपट. ज्यात प्रेक्षकाला ज्युरीच्या बाकावर बसूच दिलं नाही, असा. १९८१ चा ‘आक्रीत’. अमोल पालेकरांचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, लेखन विजय तेंडुलकरांचं. आधार, मानवतचं हत्याकांड.

मानवत, जिल्हा परभणी. १९७२ चा दुष्काळ. आपल्या शिरूर तालुक्यातल्या जुन्या माणसांना तो वेगळा सांगायला नको. सुकडी, रोजगार हमीची खडी, सगळं बघितलेलं आहे. त्या दुष्काळात मानवतमध्ये एकामागून एक मुली आणि बायका मरायला लागल्या. १९७४ च्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. गुप्तधन, मूल होण्याची आस, पिंपळ, मांत्रिक. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी गेले. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७७ चा ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल, माफीच्या साक्षीदाराचा पुरावा किती धरायचा यासाठी वकिलीचे विद्यार्थी अजून वाचतात. वर्तमानपत्रांनी तेव्हा काय केलं ते विचारू नका. घरातली मोठी माणसं अंक उशीखाली ठेवायची. पुरुष गावातला बडा, बाई पारधी समाजातली, दारूचा धंदा करणारी, त्याची ठेवलेली. वाचकाला एवढं मिळालं की त्याचा निकाल तयार. बाईनं नादी लावलं, पारध्याची जात. झालं. पारध्यांवरचा गुन्हेगारीचा शिक्का कायद्यानं १९५२ मध्येच पुसला होता. आपल्या डोक्यातून तो पुसला गेला की नाही, हे आपल्या आसपासच्या वस्त्यांवर जाऊन विचारा.

या मालमसाल्यातून दणकून चालणारा चित्रपट निघू शकला असता. कामवासना, नरबळी, पोलीस, तपास. तेंडुलकर आणि पालेकर यांनी ते केलं नाही. खुनी कोण, हा प्रश्नच त्यांनी चित्रपटाचा ठेवला नाही. मुकुटराव शिंदे आणि रुही यांच्या जवळ नेऊन आपल्याला बसवलं. चित्रा पालेकरांची रुही आहे. आणि मुकुटराव म्हणून स्वतः अमोल पालेकर. ‘छोटी सी बात’मधला, ‘गोलमाल’मधला, प्रत्येक आईला जावई म्हणून चालला असता असा माणूस! त्या चेहऱ्याला प्रेक्षक सरावलेला होता. तो चेहरा असं काही करतोय हे बघणं म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्याच घरातला कुणी दिसणं. तिथं शिट्टी वाजत नाही. आणि शिट्टी वाजली नाही की निकालही देता येत नाही, कारण तो अधिकार आपण शिट्टी वाजवून कमावलेला असतो.

फ्रान्समध्ये नांत इथल्या महोत्सवात ‘आक्रीत’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो बघितला गेला तो मुख्यतः महोत्सवांतून, फिल्म सोसायट्यांतून. त्याच सुमारास दादा कोंडक्यांचे चित्रपट रौप्यमहोत्सव करत होते. यावरून काही लोक म्हणतात, आपल्या प्रेक्षकाला चाड नाही. मी तसं म्हणणार नाही. दादांच्या द्व्यर्थी संवादाला हसणारा माणूस निदान आपण हसतोय हे कबूल करतो. माझी तक्रार आहे ती उशीखाली अंक ठेवणाऱ्याबद्दल, आणि त्यात माझं घर आलं. आमच्याकडंही तो अंक उशीखालीच होता, आणि मी तो तिथूनच वाचला.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये याच प्रकरणावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, आशिष बेंडे यांची. आशुतोष गोवारीकर रमाकांत कुलकर्णी झाले. म्हणजे पन्नास वर्षांनी गोष्टीच्या मध्यभागी पोलीस अधिकारी आला. चांगली केली आहे, कामं उत्तम आहेत. पण बघणाऱ्याला पुन्हा बसायला सुरक्षित जागा मिळाली. तपास करणाऱ्याच्या खांद्यामागून बघायचं, आपण आरोपी नाही याची खात्री ठेवून. आणि ती बघितली कुठं, तर मोबाइलवर, कानात वायर घालून, एकेकट्यानं. ‘‘अगं मागं बघ!’’ असं ओरडायला शेजारी कुणी नाही.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातले दोन प्रश्न देत आहोत.)

प्रश्न : असे चित्रपट बायका बघायच्या का?

उत्तर : दोरीच्या पलीकडं बसून बघायच्या. पण ताई, तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न वेगळा आहे ना? त्या काय म्हणायच्या, हे कुणी लिहून ठेवलं का? फार थोडं. रंगाचारियार समितीच्या ३५३ साक्षीदारांत बायका होत्या, पण थोड्या, आणि त्या शिकलेल्या घरांतल्या. दोरीपलीकडच्या बाईला कुणी विचारलं नाही. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची कुणी आजी असेल आणि तिनं तंबूतला सिनेमा पाहिला असेल, तर आज घरी जाऊन विचारा आणि लिहून ठेवा. नाव नको, गाव नको, काय म्हणाली तेवढं लिहा.

प्रश्न : ‘कुलीन कांता’ कुठं बघायला मिळेल?

उत्तर : मिळणार नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडं हजारावर चित्रपट झाले, त्यांतले फार थोडे उरले, काहींचे तर तुकडेच. इथून चाळीसेक किलोमीटरवर, पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. तिथं फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग आहेत. ‘कुलीन कांता’ नाही. मुमताज बेगमची साक्ष मात्र आहे. कोर्टात तिनं काय सांगितलं, ते त्या काळच्या वर्तमानपत्रांत सविस्तर छापून आलेलं आहे. तिला उलटतपासणीत काय काय विचारलं आणि तिनं काय उत्तरं दिली, ते वाचा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी तिच्या दिसण्याचं वर्णन शोधत होतो. चार पानांनंतर माझ्या ते लक्षात आलं.